एकच तार, पाळी प्रत्येकाची

बुकित पंजांग म्हणजे मलय भाषेत लांब डोंगर. सिंगापूरच्या वायव्येकडच्या या भागात आम्ही बावीस वर्षं राहतो आहोत. आमच्या खिडकीतून खाली एलआरटीचा उंचावरून जाणारा मार्ग दिसतो. ड्रायव्हर नसलेली, रबरी टायरांवर पळणारी ही छोटी गाडी इमारतींच्या अगदी जवळून जाते, तेव्हा तिच्या काचा आपोआप धूसर होतात. कारण काय, तर प्रवाशांना लोकांच्या घरात डोकावता येऊ नये. साताऱ्याहून आलेल्या आमच्या सासूबाईंना ही गंमत इतकी आवडली की काचा धूसर होताना बघायला म्हणून त्यांनी सलग दोन फेऱ्या मारल्या.

मला मात्र या गाडीची दुसरीच गोष्ट आवडते. चोआ चू कांगपासून बुकित पंजांगपर्यंत मार्ग एकच आहे. पुढे तो गोल फिरून परत येतो. काही गाड्या हा गोल सेंजाच्या बाजूने घेतात, काही पेटिरच्या बाजूने. सामाईक मार्गावर दोन्ही पाळीपाळीने धावतात. कुणी कुणाला अडवत नाही. चुकीच्या गाडीत बसलात तरी घर येतंच, फक्त सगळा गोल फिरून येतं.

माझी सगळी नोकरी टेलिकॉममध्ये गेली आणि तिचा बराचसा भाग मल्टिप्लेक्सिंगमध्ये. हा शब्द उच्चारला की आपल्या लोकांना सिनेमाचं थिएटर आठवतं, म्हणून आधीच सांगून टाकतो. एकाच तारेवरून, एकाच केबलमधून किंवा एकाच लहरीवरून अनेकांचे संदेश एकमेकांत न मिसळता पाठवायचे, हे ते शास्त्र. त्याच्या अनेक पद्धती आहेत. त्यातली सगळ्यात सरळ पद्धत आमच्या एलआरटीसारखी आहे, प्रत्येकाला ठरलेली पाळी द्यायची. अंकी संदेशांसाठी ही पद्धत ज्याने पहिल्यांदा रोजच्या कामात चालवून दाखवली, त्या माणसाची गोष्ट आज सांगायची आहे. त्याचं नाव एमिल बोदो.

हे नाव ऐकलं नाही असं वाटेल, पण तुम्ही ते ऐकलेलं आहे. नव्वदच्या दशकात घरी इंटरनेट घेतलेल्यांना किरकिर करणारा मोडेम आठवत असेल. त्याचा वेग सांगताना बॉड असा शब्द वापरायचे. तो बॉड म्हणजे हाच बोदो. त्याच्या नावाचं ते छोटं रूप आहे.

माझी आणि बोदोची ओळख त्याहून जुनी. माझे आजोबा मुंबईत फोर्टातल्या सेंट्रल टेलिग्राफ ऑफिसात होते. निवृत्तीनंतर संध्याकाळी ते गॅलरीत आरामखुर्चीत बसत आणि दोन्ही हातांवर बोटं आपटत राहत. डाव्या हाताची दोन, उजव्या हाताची तीन. कधी एक बोट, कधी तीन, कधी पाचही एकदम. पण लय पक्की, जणू कुणी टाळ धरलाय. आम्हा मुलांना वाटे, म्हातारपणाने हात थरथरतात. एकदा मी विचारलंच. ते म्हणाले की मी बोडो वाजवतोय. मला वाटलं बोडो हे एखादं वाद्य असेल. पुढे इंजिनिअरिंगला गेल्यावर पुस्तकात बोदो कोड आला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आजोबा तोवर गेले होते.

बोदोचा जन्म ११ सप्टेंबर १८४५ रोजी फ्रान्सच्या ओत-मार्न जिल्ह्यातल्या मान्यो या खेड्यात झाला. बाप शेतकरी. पोराचं शिक्षण गावच्या प्राथमिक शाळेपुरतंच झालं आणि तो शेतीला लागला. कॉलेज नाही, पदवी नाही, पुढे ज्याच्या नावाने जगभर वेग मोजला गेला त्या माणसाकडे चौथीच्या पलीकडची म्हणावी अशी सनदही नव्हती. शेतीत मन रमलं नसावं. १८६९ मध्ये, चोविसाव्या वर्षी, तो फ्रान्सच्या तार खात्यात शिकाऊ तारबाबू म्हणून लागला. खात्याने त्याला मोर्सचं यंत्र शिकवलं आणि चार महिन्यांसाठी ह्यूज यंत्राच्या शिक्षणालाही पाठवलं. मधे १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं. त्यात काही काळ सेवा करून १८७२ मध्ये तो पॅरिसला परत कामावर आला.

त्या काळी तारेचा खर्च मुख्यतः तारेचाच होता. म्हणजे खांब, तांब्या-लोखंडाची शेकडो किलोमीटर लांब तार आणि तिची देखभाल. माणसं स्वस्त होती, तार महाग होती. संदेश वाढले की दुसरी तार ओढायची, मग तिसरी. त्यामुळे एकाच तारेवर जास्त संदेश कसे बसवायचे, या कोड्यामागे अटलांटिकच्या दोन्ही तीरांवर हुशार माणसं लागली होती. अमेरिकेत एडिसनने १८७४ मध्ये एका तारेवर चार संदेश पाठवायची युक्ती काढली. त्यात प्रवाहाची दिशा आणि त्याची ताकद, या दोन्हींचा वापर होता. ग्रॅहम बेल आणि एलिशा ग्रे वेगवेगळ्या सुरांवर वेगवेगळे संदेश चढवायला बघत होते. त्या खटपटीतूनच बेलच्या हाती टेलिफोन लागला. बोदोने यातलं काहीच केलं नाही. त्याने घड्याळाकडे पाहिलं.

ह्यूजचं यंत्र तेव्हा फार नावाजलेलं होतं. त्याला पियानोसारख्या पट्ट्या होत्या आणि दुसऱ्या टोकाला सरळ अक्षरं छापून यायची. दोन्ही टोकांना अक्षरांची चाकं एकाच गतीने फिरत. हवं ते अक्षर समोर आलं की त्या क्षणी विजेचा एकच ठोका जाई. बोदोच्या लक्षात आलं की चाकाच्या एका फेरीत तार फक्त त्या एका ठोक्यापुरती कामात असते. बाकी सगळा वेळ ती मोकळी. एवढी महागाची तार बहुतेक वेळ रिकामी पडून आहे, हे रोज यंत्रावर बसणाऱ्या किती जणांना दिसलं असेल? दिसलं असेलही. पण खेड्यातून आलेला हा माणूस त्यावर थांबला. वरिष्ठांनी त्याला उत्तेजन दिलं, मात्र काम स्वतःच्या वेळात करायचं होतं. दिवसा तारा पाठवायच्या आणि उरलेल्या वेळात आपलं यंत्र जुळवायचं, असा त्याचा क्रम सुरू झाला.

इथे थोडं यंत्राकडे वळतो. कंटाळू नका, कल्पना अगदी साधी आहे.

तार पाळीपाळीने वाटायची तर प्रत्येकाची पाळी सारखी हवी. मोर्समध्ये ते जमत नाही, कारण तिथे इंग्रजी ई म्हणजे एक टिंब, तर क्यू म्हणजे चार खुणा. प्रत्येक अक्षराला लागणारा वेळ वेगळा. म्हणून बोदोने प्रत्येक अक्षराला मोजून पाच खुणा दिल्या. प्रत्येक खूण सारख्याच वेळाची आणि प्रत्येक खुणेला दोनच शक्यता, आहे किंवा नाही. पाच वेळा दोन पर्याय म्हणजे बत्तीस जोडण्या. रोमन लिपीची सव्वीस अक्षरं त्यात बसतात. आकडे आणि विरामचिन्हांसाठी त्याने एक खास खूण ठेवली. ती आली की पुढच्या जोडण्या आकडे समजायच्या. आज ज्याला आपण बिट म्हणतो, तेच हे. पाच बिटांचं एक अक्षर.

मग वाटप. एक गोल तबकडी, तिच्यावर धातूचे तुकडे बसवलेले आणि त्यांच्यावरून फिरणारा ब्रश. तबकडीचे समान भाग पाडलेले. चार माणसं कामाला असतील तर चार भाग, प्रत्येक भागात पाच तुकडे. ब्रश पहिल्या भागावर आला की तार पहिल्या माणसाची. त्याची पाच बिटं गेली की ब्रश पुढच्या भागात आणि तार दुसऱ्याची. असं चौथ्यापर्यंत जाऊन पुन्हा पहिला. दुसऱ्या टोकाला तशीच तबकडी, तसाच ब्रश, त्याच गतीने फिरणारा. तिथे पाच विद्युतचुंबक त्या खुणा क्षणभर धरून ठेवत आणि मग कागदाच्या पट्टीवर अक्षर छापलं जाई. दोन्ही ब्रशांची गती जरा जरी फिसकटली तर पहिल्याचा निरोप दुसऱ्याच्या पट्टीवर जायचा. म्हणून दोन्ही टोकं जुळवून घेण्यासाठी तबकडीवरच दुरुस्तीची जागा राखलेली होती.

पाठवणाऱ्यासमोर फक्त पाच पट्ट्या. डाव्या हाताची दोन बोटं, उजव्याची तीन. पट्ट्या दाबल्या की त्या अडकून राहत. आपली पाळी येऊन गेली की टक् असा आवाज होऊन त्या सुटत आणि पुढचं अक्षर दाबायची वेळ होई. ही त्या यंत्राची लय. मिनिटाला साधारण तीस शब्द, म्हणजे जागा धरून एकशे ऐंशी अक्षरं, म्हणजे सेकंदाला तीन. घाई करून उपयोग नाही, पट्टी सुटतच नाही. रेंगाळलात तर पाळी रिकामी जाते. तबल्याच्या साथीला बसलेल्या माणसासारखं दर आवर्तनाला समेवर यायचं. तेही आठ तास. आजोबांची बोटं गॅलरीत काय शोधत होती, ते मला कळलं तेव्हा खूप उशीर झाला होता.

१७ जून १८७४ रोजी बोदोने आपल्या यंत्राचं पेटंट घेतलं. पुढच्याच वर्षी खात्याने ते स्वीकारलं. १२ नोव्हेंबर १८७७ रोजी पॅरिस आणि बोर्दो या शहरांमध्ये प्रत्यक्ष तारेवर चाचणी झाली आणि वर्ष सरता सरता पॅरिस ते रोम या सुमारे १७०० किलोमीटरच्या तारेवर त्याचं यंत्र चालू झालं. १८७८ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्याला सुवर्णपदक मिळालं. शेतकऱ्याचा मुलगा, नऊ वर्षांपूर्वीचा शिकाऊ तारबाबू, आता जगाच्या नजरेत आला. १८८० मध्ये बढती मिळाली आणि १८८२ मध्ये तो खात्याचा निरीक्षक अभियंता झाला.

इथे गोष्ट संपली असती तर ती शाळेच्या पुस्तकातली झाली असती. पण याच काळात कोर्टाची पायरीही चढावी लागली.

तार खात्यातच लुई व्हिक्टर मिमो नावाचा आणखी एक कर्मचारी होता. त्यानेही १८७४ मध्येच तारयंत्राचं पेटंट घेतलं होतं. त्याच्याही यंत्रात पाच खुणा होत्या, पण त्यासाठी त्याला पाच वेगळ्या तारा लागत. खात्याने ते नाकारलं. त्याने सुधारून दुसरं यंत्र केलं, तेही नाकारलं गेलं. तोवर काही आठवड्यांच्या फरकाने बोदोचं पेटंट नोंदलं गेलं होतं. कल्पना मुळात माझी, असं म्हणत मिमोने १८७७ मध्ये बोदोवर दावा लावला. कोर्टाने खात्याबाहेरचे तीन तज्ज्ञ बोलावले आणि निकाल मिमोच्या बाजूने दिला. पाच खुणांचा मान मिमोचा, बोदोच्या त्यावरच्या सुधारणा, असा त्याचा अर्थ. निकालाने समाधान मात्र दोघांचंही झालं नाही. पुढे तो निकाल रद्द झाला आणि खर्चही मिमोच्याच माथी आला.

मिमो त्यातून सावरला नाही. पेटंटची मुदत वाढवून द्या, एक लाख फ्रँक द्या, लीजन ऑफ ऑनरचा मान द्या, अशा मागण्या तो करत राहिला. तार खात्यातल्या संशोधनाचे प्रमुख ज्यूल रेनो यांच्या समितीने त्या फेटाळल्या. ते कळल्यावर मिमोने रेनो यांना गोळ्या घातल्या. रेनो गेले. मिमोला दहा वर्षांची सक्तमजुरी आणि वीस वर्षांची हद्दपारी झाली. एका अक्षराला पाच खुणा द्यायची कल्पना कुणाची, एवढ्या प्रश्नावर एक माणूस जिवानिशी गेला आणि एक आयुष्यातून उठला.

आता मुळात ही कल्पना कुणाची होती? छपाईची करामत ह्यूजची. तबकडीचं वाटप बर्नार्ड मेयर नावाच्या माणसाने १८७१ मध्येच केलेलं होतं. पाच खुणांची अक्षरं जर्मनीत गाऊस आणि वेबर या दोघांनी त्याच्याही कितीतरी आधी बांधली होती. बोदोने या सगळ्या गोष्टी एकत्र आणल्या, त्यात स्वतःची भर घातली आणि रोज, तासन् तास, न बिघडता चालेल असं यंत्र उभं केलं. ते काम लहान नव्हतं. ते इतर कुणी केलंही नव्हतं. पण मिमो आणि बोदो ज्या पाच खुणांसाठी कोर्टात भांडले, त्या दोघांच्याही आधीच्या होत्या.

बोदोचं पुढचं आयुष्य कामात गेलं. जुलै १८८७ मध्ये त्याने अटलांटिकच्या समुद्राखालच्या केबलवर यशस्वी चाचण्या घेतल्या. २७ एप्रिल १८९४ रोजी पॅरिस आणि मिलान या शहरांचे शेअर बाजार त्याने एका तारेने जोडले. इतक्या लांबवर खुणा पुसट होतात, म्हणून त्याने मधेच त्या घेऊन पुन्हा ताज्या करून पुढे धाडणारं साधन बनवलं. आज समुद्राखालच्या फायबरमध्ये हेच तत्त्व वेगळ्या रूपात आहे.

घरचं सुख मात्र त्याला फार लाभलं नाही. नोकरीच्या सुरुवातीपासूनच त्याला दुखणं जडलं होतं. त्यापायी कामावर दांड्या पडत, एकदा तर महिनाभर. पंचेचाळिशीच्या उंबरठ्यावर, १५ जानेवारी १८९० रोजी त्याने लग्न केलं. ९ एप्रिलला त्याची बायको वारली. तीन महिने पुरते झाले नव्हते. आणि त्याच वर्षी ८ ऑगस्टला पॅरिस, व्हान आणि लोरियां ही तीन ठिकाणं त्याने एका तारेवर आणली. या दोन तारखा शेजारी वाचल्या की मी थांबतो. दुखणं आणि एकटेपण घेऊन माणूस चार महिन्यांत पुन्हा त्या फिरत्या ब्रशासमोर उभा राहिला. त्याने मन कामात बुडवलं की कामाने त्याला सोडलं नाही, कुणास ठाऊक.

२८ मार्च १९०३ रोजी पॅरिसजवळच्या सो या गावी तो वारला. वय सत्तावन्न. तोवर इंग्लंड आणि जर्मनीने त्याची पद्धत घेतली होती, पुढे रशियाने घेतली. भारतातल्या लांब पल्ल्याच्या तारांवरही ती आली आणि माझ्या आजोबांच्या बोटांत उतरली. न्यूझीलंडचा डोनाल्ड मरे याने पुढे तो कोड टाइपरायटरच्या पट्ट्यांसाठी बदलून घेतला, त्यामुळे पाच बोटांची लय शिकायची गरज उरली नाही. तीच पाच खुणांची अक्षरं टेलिप्रिंटर आणि टेलेक्सवर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत धावत राहिली. आपल्याकडची तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, तेव्हा आजोबांना जाऊन कितीतरी वर्षं झाली होती.

पाळी देण्याची युक्ती मात्र बंद झाली नाही. मी नोकरीला लागलो तेव्हा दोन एक्स्चेंजना जोडणारी लाइन बत्तीस पाळ्यांची असायची. त्यातल्या तीस पाळ्या बोलण्यासाठी आणि दोन व्यवस्थेसाठी. प्रत्येक पाळीत आठ बिटं आणि सेकंदाला आठ हजार फेऱ्या. गुणाकार करून बघा, सेकंदाला वीस लाख अठ्ठेचाळीस हजार बिटं होतात. टू-जी मोबाइलमध्येही एका लहरीवर आठ जण पाळीने बोलायचे. तुम्ही पुण्याला आईशी बोलत होतात तेव्हा मधल्या मधल्या क्षणांत तीच लहर इतर सात जणांची होती. आईला तुमचा आवाज सलग ऐकू येई, कारण फिरण्याची गती कानाला कळत नव्हती. चार तारबाबूंच्या जागी तीस जण आले, ब्रशाच्या जागी चिप आली, एवढाच फरक.

आता मी हे सगळं का लिहायला बसलो, ते सांगतो.

१९९७ साली मी भारतात एका कंपनीत होतो. आमच्याकडे दोन शहरांमध्ये भाड्याने घेतलेली अशीच एक बत्तीस पाळ्यांची लाइन होती. दिवसा तीसही पाळ्या फोनला पुरत नसत आणि संध्याकाळी ऑफिसं सुटली की बहुतेक रिकाम्या फिरत. रात्री त्याच पाळ्या कॉम्प्युटरच्या माहितीसाठी वापरायच्या, अशी योजना मी आखली. नवी लाइन घ्यायची गरज उरली नाही, पैसे वाचले. वरच्या साहेबांनी ती योजना स्वतःच्या नावाने पुढे मांडली. त्यांना बढती मिळाली, मला कौतुकाची थाप. तो राग घेऊन मी देश सोडला. हो, खरं कारण तेच होतं. घरी सांगताना मुलांचं शिक्षण वगैरे सांगितलं.

ही गोष्ट मी सिंगापुरात किती वेळा सांगितली असेल याला गणती नाही. गणपतीत, दिवाळीच्या फराळाला, वाढदिवसाला. मी सुरू झालो की बायको उठून चहा ठेवायला जाते. निवृत्तीनंतर आजोबांच्या बोडोबद्दल नीट वाचायचं ठरवलं आणि मिमो भेटला. सुरुवातीला मला तो आपलाच माणूस वाटला. पुढे रेनो यांच्यापर्यंत आलो आणि पुस्तक मिटवलं. मी कुणावर गोळी झाडली नव्हती, पण पंचवीस वर्षं तोच खटला मीही चालवत होतो. दर पार्टीत, त्याच पुराव्यांसकट.

आणि मग दुसरी गोष्ट आठवली. ती मी कधीच कुणाला सांगितली नव्हती.

रात्री किती पाळ्या रिकाम्या असतात, हे मला कसं कळलं होतं? आमच्याकडे एक तंत्रज्ञ होते, वयाने माझ्याहून बरेच मोठे. सगळे त्यांना काका म्हणायचे. रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून ते दर तासाला मोजून एका लाल पाठीच्या वहीत लिहीत, कुठली पाळी चालू, कुठली बंद. कुणी सांगितलं नव्हतं. सहा-सात महिन्यांची वही त्यांनी मला आपण होऊन दाखवली होती आणि एवढी जागा फुकट जाते बघा, असं म्हणाले होते. माझी योजना त्या वहीवर उभी होती. मी केलेल्या कागदावर त्यांचं नाव नव्हतं. साहेबांनी माझं नाव खोडायच्या आधी मी काकांचं लिहिलंच नव्हतं.

जुन्या सहकाऱ्यांना विचारत विचारत गेल्या महिन्यात त्यांचा नंबर मिळवला. कराडजवळ मुलाकडे असतात. ऐकू कमी येतं, म्हणून सूनबाईंनी फोन स्पीकरवर ठेवला. मी ओळख दिली, वहीचं सांगितलं, माफी मागितली. काकांना वही आठवत नव्हती. योजना तर मुळीच नाही. त्यांना आठवत होतं ते हे, की रात्रपाळीला मी घरून थर्मासमध्ये चहा आणायचो आणि दोन कप त्यांना द्यायचो. त्याबद्दल त्यांनीच माझे आभार मानले. पाच मिनिटं बोललो आणि फोन ठेवल्यावर मी बराच वेळ खिडकीशी बसून राहिलो. खालून एक गाडी गेली, काचा धूसर झाल्या, पुन्हा साफ झाल्या. मागोमाग दुसरी आली.

साहेबांचा राग पूर्ण गेलाय असं म्हणणार नाही. पण यंदाच्या गणपतीत ती गोष्ट निघाली, तर मी ती लाल वहीपासून सुरू करणार आहे. चहा ठेवायला उठू नकोस, असं बायकोला आधीच सांगून ठेवलंय.